ड्रमची लय आणि सॉफ्टवेअरची कात्री

१९७७ साली बी जीज हा गट पॅरिसजवळच्या शातो देरूव्हील स्टुडिओत ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटासाठी गाणी मुद्रित करत होता. ‘स्टेइंग अलाइव्ह’ची वेळ आली तेव्हा त्यांचे ड्रमर डेनिस ब्रायन यांना घरच्या कारणासाठी जावं लागलं होतं. ऑर्गनमधल्या यांत्रिक ठेक्यावर भागवून पाहिलं, पण त्याने गाणं उठेना. मग निर्माते आल्बी गलूटेन आणि ध्वनिमुद्रक कार्ल रिचर्डसन यांनी आधीच मुद्रित झालेल्या ‘नाइट फीव्हर’मधले ब्रायन यांनी वाजवलेले दोन बार निवडले. ते वेगळ्या टेपवर उतरवले, टेपची टोकं जोडून तिचं मोठं कडं केलं आणि ते कडं माइकच्या स्टँडवरून फिरवत सलग वाजवत ठेवलं. बाकीचं गाणं त्यावर चढलं. श्रेयनामावलीत ड्रमर म्हणून ‘बर्नार्ड लूप’ असं नाव छापलं गेलं. या नावाचा कोणी वादक नव्हता.

त्या कड्यात काय घडलं ते नीट पाहावं. दर दोन बारांची लांबी अगदी एकसारखी झाली, कारण तेच दोन बार पुन्हा पुन्हा येत होते. पण त्या दोन बारांच्या आत किक कुठे पडला, स्नेअर किती मागे रेलला, हाय-हॅट किती हलका लागला, हे सगळं ब्रायन यांच्या हातापायांनी ठरवलं होतं. आज संगणकावर ड्रमची लय सांभाळताना मला हेच सूत्र सर्वांत भरवशाचं वाटतं. बार एकसारखे असावेत, बारच्या आतले ठोके वाजवणाऱ्याचे राहावेत. हे साधायचं तर काम सॉफ्टवेअर उघडण्याच्या बरंच आधी सुरू होतं.

आधी वाद्य

संगणकाला ठोका कळतो तो आवाजाच्या अचानक उसळीवरून. ही उसळी स्वच्छ नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं. म्हणून जुनी, मधोमध खड्डा पडलेली हेड्स बदलणं, ड्रम सुरात लावणं आणि पेडलची कुरकुर घालवणं ही कामं लयीसाठीही तितकीच महत्त्वाची आहेत. टॉम फार घुमत असेल तर त्याचा नाद पुढच्या ठोक्यावर सांडतो. किकच्या धक्क्याने स्नेअर थरथरत असेल तर त्याच्या खालच्या तारा प्रत्येक किकला खुळखुळतात आणि त्या खुळखुळीलाच सॉफ्टवेअर ठोका समजतं.

१९६६ साली ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बीटल्सच्या मुद्रणात रिंगो स्टार यांच्या किक ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला होता. आवाज आखूड झाला, ठोक्याची धार पुढे आली. तेव्हापासून किकमध्ये उशी किंवा घडी केलेली चादर ठेवणं ही स्टुडिओची रीतच झाली. मात्र एवढंही दाबू नये की ड्रम पुठ्ठ्यासारखा वाजेल. सगळा सेट जाड सतरंजीवर मांडावा. फरशीवरून परतणारा आवाज कमी होतो आणि किक ड्रम वाजवताना पुढे सरकत नाही. सरकला तर माइकचं अंतर बदलतं, आणि सकाळचा टेक दुपारच्या टेकला जोडता येत नाही.

माइक आणि अंतर

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. स्नेअरच्या काठाला चार बोटांवर ठेवलेल्या माइकला ठोका लगेच ऐकू येतो, तर डोक्यावर मीटरभर उंच टांगलेल्या ओव्हरहेडला तोच ठोका तीन मिलिसेकंद उशिरा मिळतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात हा फरक साधारण १४० नमुन्यांचा होतो. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर दोन्ही लहरींचे डोंगर एकमेकांसमोर येत नाहीत.

हा उशीर म्हणजे दोष नव्हे, खोलीची खोली त्यातूनच कळते. अडचण येते ती दोन माइकांच्या लहरी एकत्र केल्यावर एकमेकींना खाऊ लागतात तेव्हा. स्नेअर पातळ होतो, किकचं पोट जातं. त्यावर दोन जुने उपाय आहेत. स्नेअरच्या खालचा माइक वरच्या माइकच्या उलट बाजूने ठोका ऐकतो, म्हणून त्याची ध्रुवता उलटी करायची. आणि दोन ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून अगदी समान अंतरावर ठेवायचे. दोन्ही अंतरं दोरीने मोजली तरी पुरतं. यानंतर प्रत्येक माइक ओव्हरहेडच्या जोडीला एकेक करून ऐकायचा, ध्रुवता उलटी-सुलटी करून पाहायची आणि ज्या स्थितीत खालचा आवाज भरतो ती ठेवायची.

माइकांची संख्या हा वेगळा वाद आहे. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांनी एक वरून, एक उजवीकडून, एक किकजवळ, आणि लागला तर एक स्नेअरवर, इतक्यावर मोठमोठी मुद्रणं केली. त्यांचे धाकटे भाऊ अँडी जॉन्स यांनी तर लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी जॉन बोनम यांचा सेट हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या प्रवेशदालनात जिन्याच्या तळाशी मांडला आणि वर जिन्यात बायरडायनॅमिकचे दोन एम १६० माइक टांगले. १९७१ साली बाजारात आलेला तो ड्रमचा आवाज आजही लोक नकलून पाहतात. अशा मुद्रणात एक सुटा ठोका नंतर सरकवणं जवळजवळ अशक्य, कारण प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याच्या घुमण्यावर उभा असतो. ज्याला दूरच्या माइकांचा भरदार आवाज हवा त्याने वादनच पक्कं घेतलं पाहिजे. ज्याला नंतर दुरुस्ती करावी लागेल अशी शंका आहे, त्याने जवळचे माइक जास्त ठेवावेत आणि खोली थोडी कोरडी ठेवावी.

मुद्रणाची पातळी मात्र सगळ्यांना सारखीच लागू. २४ बिटमध्ये सर्वांत जोरकस ठोका शून्याच्या आठ-दहा डेसिबल खाली राहील इतकीच पातळी घ्यावी. वादक तालमीपेक्षा खऱ्या टेकमध्ये हमखास जोरात मारतात.

क्लिक : कानातला सोबती

क्लिक म्हणजे ड्रमरच्या हेडफोनमध्ये समान अंतराने वाजणारा, लय दाखवणारा ठोका. त्याचा हिशेब सोपा आहे. ६०,००० ला टेम्पोने भागायचं, म्हणजे दोन मात्रांमधलं अंतर मिलिसेकंदांत मिळतं. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात ते ५००, तर ७० मात्रांच्या गाण्यात सुमारे ८५७. संथ गाण्यात लय का डळमळते ते या दुसऱ्या आकड्यातून समजतं. जवळजवळ एक सेकंद आधाराशिवाय काढायचा म्हणजे चांगल्या ड्रमरलाही जड जातं. अशा वेळी प्रत्येक मात्रेच्या मध्यावर आणखी एक हलका ठोका द्यावा. अंतर ४२८ वर येतं आणि हात स्थिरावतो.

बीप-बीप करणारा क्लिक कानाला टोचतो. त्याऐवजी काउबेल किंवा शेकरचा आवाज द्यावा, शक्यतो ड्रमरलाच निवडू द्यावा. क्लिक आणि हाय-हॅट एकाच उंचीच्या सुरात असले तर ड्रमरला क्लिक ऐकूच येत नाही. अशा वेळी तो ‘वाढवा, वाढवा’ म्हणत राहतो आणि शेवटी हेडफोनमधून गळालेला क्लिक ओव्हरहेडमध्ये उतरतो. हेडफोन बंद कपांचे असावेत. गाण्याच्या शेवटी सिंबल विरत जातो तिथे क्लिक आपोआप बंद होईल अशी सोय आधीच करून ठेवावी.

आणखी एक गोष्ट कित्येक घरगुती स्टुडिओंत नजरेतून सुटते. ड्रमरला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून येत असेल तर तो उशिरा येतो. ४८,००० च्या मुद्रणात २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेने पाच मिलिसेकंदांहून थोडं अधिक, आणि जाण्यायेण्याचे मिळून त्याच्या दुपटीहून जास्त. वादक नकळत त्या उशिराशी झगडतो आणि त्याची लय बिघडल्यासारखी दिसते. थेट मॉनिटरिंगची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर मुद्रणापुरता बफर लहान करावा.

क्लिक सगळ्या गाण्याला एकच असावा असंही नाही. ध्रुवपदाला मिनिटाला एक-दोन मात्रा वाढवल्या तर गाणं उचलल्यासारखं वाटतं. आपल्याकडे ख्यालात विलंबित लय गाण्याच्या ओघात हळूहळू वर सरकते आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, उलट हवंसं वाटतं. बँडच्या गाण्यालाही तेवढा श्वास द्यायला हरकत नाही.

टेक घेताना

सबंध गाणं तीन-चार वेळा सलग वाजवून घ्यावं. तुकड्यातुकड्याने घेतलेला ड्रम सरळ येतो, पण त्याला चढण नसते. नंतर त्यातला सर्वांत चांगला टेक पाया म्हणून धरायचा आणि जिथे तो ढासळतो तिथे दुसऱ्या टेकमधला तोच भाग बसवायचा. जोड बारच्या पहिल्या ठोक्याच्या किंचित आधी यावा. क्रॅश सिंबल मात्र जोडाच्या मध्ये आला तर त्याचा नाद तुटतो, म्हणून एखादी जागा पुन्हा मुद्रित करताना ड्रमरला एक-दोन बार आधीपासून, त्याच क्रॅशसह वाजवायला सांगावं.

अनुभवाने एवढं म्हणेन की चांगला दुसरा टेक हा तासभराच्या संपादनापेक्षा स्वस्त पडतो. ड्रमर अजून बसलेला आहे, माइक हललेले नाहीत, हात तापलेला आहे, तोवरच ऐकून निर्णय घ्यावा.

सॉफ्टवेअर ठोका कसं ओळखतं

प्रो टूल्समधलं बीट डिटेक्टिव्ह, लॉजिकमधलं फ्लेक्स टाइम, क्यूबेसमधलं ऑडिओ क्वांटाइझ, रीपरमधलं डायनॅमिक स्प्लिट, नावं वेगळी असली तरी काम तीन पायऱ्यांचं आहे. ठोके शोधायचे, प्रत्येक ठोका कोणत्या मात्रेचा ते ठरवायचं आणि त्याला तिकडे न्यायचं.

पहिल्याच पायरीवर सर्वांत मोठी खबरदारी. ड्रमचे सगळे ट्रॅक एका गटात बांधलेले असले पाहिजेत. स्नेअरचा ठोका स्नेअरच्या माइकमध्ये तर असतोच, पण हाय-हॅटच्या, टॉमच्या, ओव्हरहेडच्या आणि खोलीच्या माइकमध्येही असतो. फक्त स्नेअरचा ट्रॅक वीस मिलिसेकंद पुढे ओढला तर ओव्हरहेडमधला स्नेअर जागच्या जागी राहतो आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. म्हणून कापायचं ते सगळ्या ट्रॅकवर एकाच रेषेत, सरकवायचं तेही सगळ्यांना मिळून. क्यूबेसच्या सहाव्या आवृत्तीत, २०११ साली, अनेक ट्रॅक फेज न बिघडवता एकत्र सरळ करण्याची सोय आली ती याच गरजेतून.

शोधायला मात्र सगळे ट्रॅक लावू नयेत. किक आणि स्नेअर एवढेच पुरेत. ओव्हरहेडवरून शोधलं तर आधीच सांगितलेला तीन मिलिसेकंदांचा उशीर प्रत्येक खुणेत शिरतो. संवेदनशीलता हळूहळू वाढवत न्यावी आणि गळून आलेल्या हाय-हॅटवर खुणा पडू लागल्या की थोडी मागे घ्यावी. स्नेअरवरचे हलके, भुतासारखे सरकणारे घोस्ट ठोके बहुधा सुटतात. ते सुटले तर सुटू द्यावेत, शेजारच्या मोठ्या ठोक्याबरोबर ते आपोआप सरकतात. फ्लॅमवर, म्हणजे दोन काठ्या जवळजवळ एकत्र पडतात तिथे, दोन खुणा आल्या असतील तर एक हाताने पुसावी.

कापणं की ताणणं

ठोका हलवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आवाज ठोक्याठोक्याला कापला जातो, तुकडे सरकवले जातात आणि मधल्या फटी शेजारचा तुकडा ओढून भरल्या जातात. कापताना खूण ठोक्याच्या पाच-दहा मिलिसेकंद आधी ठेवावी, नाहीतर ठोक्याची धार छाटली जाते. प्रत्येक जोडावर सुमारे पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा. या पद्धतीत आवाजाचा पोत तसाच राहतो. धोका असतो तो फट भरताना: मागचा तुकडा लांबवला की त्याच्या टोकाला कधीकधी पुढच्या ठोक्याची सुरुवातही येते आणि मग ओव्हरहेडमध्ये चटकन दोन ठोके वाजतात.

दुसऱ्या मार्गात तुकडे न करता दोन ठोक्यांमधला आवाज ताणला किंवा आवळला जातो. प्रो टूल्समध्ये ही सोय २००७ साली इलॅस्टिक ऑडिओ नावाने आली, लॉजिकमध्ये २००९ साली फ्लेक्स टाइम नावाने. काम झपाट्याने होतं आणि चूक परत फिरवता येते. पण सिंबल ताणला की त्याचा नाद पाण्याखालून आल्यासारखा होतो. मी तरी ड्रमसाठी कापण्याच्या बाजूने आहे, विशेषतः जिथे राइड सतत वाजतो आहे. एखाददुसरा बार किंचित लांबवायचा असेल तेवढ्यापुरतं ताणणं चालतं.

किती सरळ करायचं

इथे खरी पारख लागते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड किती बारीक घ्यायचं ते विचारलं जातं: बार, मात्रा की मात्रेचे भाग. नवखे लोक थेट सोळाव्या भागावर, शंभर टक्के जोराने सगळं सरळ करतात. परिणाम ड्रम मशीनसारखा येतो, आणि मशीनच हवं असेल तर माणसाला बसवून एवढे माइक लावायचं कारण उरत नाही.

मी सुरुवात बारपासून करतो. प्रत्येक बारचा पहिला ठोका ग्रिडवर आणायचा आणि आतलं काहीही न छेडता सबंध गाणं ऐकायचं. ‘स्टेइंग अलाइव्ह’च्या टेपच्या कड्याने जे केलं तेच इथे होतं, फक्त तेच दोन बार न फिरवता वादकाने वाजवलेला प्रत्येक बार जागेवर येतो. बहुतेक गाण्यांत एवढ्यावर काम भागतं. एखाद्या भागात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर अजून डगमगत असेल तर तेवढ्याच भागात मात्रांपर्यंत उतरायचं, आणि तिथेही जोर सत्तर-ऐंशी टक्के ठेवायचा. म्हणजे वीस मिलिसेकंद चुकलेला ठोका चार-सहावर येतो, पण कोणत्या बाजूला झुकलेला होता ते टिकून राहतं. ठोका सतत एकाच बाजूला झुकत असेल तर तो दोष नव्हे, ती वादकाची बसकण आहे. कधी आधी, कधी नंतर असा भरकटत असेल तर दुरुस्ती करावी.

मशीनच्या जगातल्या लोकांनाही हा फरक लवकर उमगला. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वापरणारं एलएम-१ हे ड्रम मशीन रॉजर लिन यांनी १९८० साली आणलं. त्यात ठोके सरळ करण्याची सोय होती, आणि सोबत एकाआड एक सोळावा भाग ठरावीक प्रमाणात मागे ढकलण्याचीही. पन्नास टक्के म्हणजे सपाट, सहासष्टच्या आसपास म्हणजे तीनच्या भागांतला झोका. आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमधली स्विंगची कळ त्याच घराण्यातली.

होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की माणसाच्या वादनातल्या चुका सुट्यासुट्या नसतात. आत्ताचा किंचित उशीर बराच पुढपर्यंत आपला माग ठेवतो. श्रोत्यांना असा माग असलेली लय ऐकवली आणि नुसती यदृच्छेने हलवलेली लय ऐकवली, तेव्हा त्यांनी पहिली पसंत केली. २०१५ साली हेनिग यांच्यासह काही संशोधकांनी मायकल मॅकडॉनल्ड यांच्या ‘आय कीप फर्गेटिन’मधलं जेफ पोर्कारो यांचं हाय-हॅट मोजलं आणि तिथेही तोच लांबवरचा माग आढळला. म्हणून ठोके आधी शंभर टक्के सरळ करून नंतर ‘ह्यूमनाइझ’ची कळ दाबणं मला उलटं वाटतं. ती कळ बहुधा ठोके नुसते विस्कटते. जे वादकाने दिलंच होतं ते पुसून त्याच्या जागी फासे टाकल्यासारखी अनियमितता आणण्यात काय मिळतं?

ग्रिडलाच ड्रमरच्या मागे नेणं

काही गाण्यांना क्लिक लावूच नये. रोलिंग स्टोन्सचं १९६९ सालचं ‘हाँकी टाँक विमेन’ सुरुवातीला ज्या लयीत आहे त्यापेक्षा शेवटी स्पष्टपणे जलद झालेलं आहे, आणि त्या चढण्यातच त्याची गंमत आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही अनेक दशकं अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवत असे. ड्रमवर लेस्ली गोडिन्हो किंवा फ्रँको वाझ यांच्यासारखे वादक असत आणि बाकीचे त्यांच्या लयीवर चालत. एकाच ट्रॅकवर सगळे आवाज मिसळून गेल्यामुळे नंतर ठोका हलवायची सोयच नव्हती. जी लय धरली ती धरली.

आज तसं वाजवून घ्यायचं आणि तरीही संगणकावर पुढची वाद्यं चढवायची असतील तर ग्रिडच वाकवावं. क्लिकशिवाय घेतलेल्या टेकमध्ये प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर खूण करायची, आणि सॉफ्टवेअर त्या खुणांवरून टेम्पोचा नकाशा काढतं. कुठे ९८, कुठे ९९.४, ध्रुवपदाला १०१. लॉजिकमध्ये २०१८ पासून स्मार्ट टेम्पो हे बरंचसं आपणहून करतं, पण पहिले काही बार कानाने तपासावेत. ते कधीकधी लय दुप्पट किंवा निम्मी धरून बसतं. नकाशा तयार झाला की की-बोर्ड, लूप, प्रतिध्वनीचे उशीर सगळं ड्रमरच्या लयीने चालतं. ड्रमचा एकही ठोका कापावा लागत नाही. ज्या बँडमध्ये ड्रमर खंबीर आहे तिथे मी हाच मार्ग आधी सुचवेन.

हातावेगळं करण्याआधी

संपादन झालं की फक्त ओव्हरहेड लावून सबंध गाणं ऐकावं. जवळच्या माइकांमध्ये झाकलेला प्रत्येक वाईट जोड तिथे उघडा पडतो: तुटलेला सिंबल, दुहेरी ठोका, अर्धवट फिल. मग बेस लावून ऐकावं. किक आणि बेस एकमेकांवर बसत नसतील तर लगेच ड्रमला हात घालू नये. पुष्कळदा बेसच पुढे गेलेला असतो, आणि एक सुटा ट्रॅक सरकवणं डझनभर ट्रॅक एकत्र कापण्यापेक्षा फार सोपं. हे सगळं पडद्याकडे न बघता ऐकावं. ग्रिडची रेघ दिसली की कानाआधी डोळा निकाल देतो.

जोडांनी भरलेले ट्रॅक शेवटी सलग करून मिक्सिंगकडे द्यावेत, पण मूळ टेक जसेच्या तसे वेगळ्या नावाने जपून ठेवावेत. दोन आठवड्यांनी गायक येतो, गाणं अर्ध्या सुराने उतरवतो, थोडं संथ करायला सांगतो, आणि तेव्हा न कापलेला ड्रमच उपयोगी पडतो.